हरितगृहातील मर आणि एडिनबऱ्यातील सूक्ष्मदर्शक

नाशिक-सांगलीकडे कर्ज काढून उभारलेल्या हरितगृहात ढोबळी मिरचीची रोपे एकामागून एक माना टाकू लागली की शेतकरी ट्रायकोडर्माची पुडी आणतो, पाण्यात कालवून मुळांशी ओततो आणि आठ दिवस वाट पाहतो. रोपे सावरली नाहीत, तर ‘जैविक औषधात काही दम नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि फोनवरून परदेशातल्या मुलांपर्यंत पोहोचतो. तो निष्कर्ष चुकीचा का, हे समजून घेताना एडिनबरा विद्यापीठातील एक जुने संशोधन उपयोगी पडते.

हरितगृह पिकाला ऊब आणि ओलावा देते, तसेच ते रोगालाही देते. एकाच मातीत वर्षानुवर्षे टोमॅटो, काकडी वा मिरची घेतली की फ्युजॅरियम, रायझोक्टोनिया, पिथियम यांसारख्या रोगकारकांना कायमचे बिऱ्हाड मिळते. फ्युजॅरियमचे जाड कवचाचे बीजाणू तर पीक नसतानाही अनेक वर्षे मातीत तग धरतात. यावर जगभरच्या हरितगृहांत मिथिल ब्रोमाइडची धुरी दिली जाई. ओझोनच्या थराला अपाय करणारा हा वायू 1992 मध्ये मॉन्ट्रियल कराराच्या कक्षेत आला. विकसित देशांत 2005 पासून आणि विकसनशील देशांत 2015 पासून, मोजके अपवाद वगळता, त्याचा वापर थांबला. पण धुरी काय किंवा वाफ काय, दोन्हींत एक जुनी खोट होतीच. त्या रोगकारकाबरोबर त्याचे नैसर्गिक शत्रूही मारून टाकत. मग रिकाम्या मातीत पुन्हा शिरलेल्या रोगाला अडवायला कोणी उरत नसे.

हे शत्रू नेमके काय करतात? एडिनबरा विद्यापीठातील बुरशीशास्त्रज्ञ जिम डीकन यांनी पिथियम ऑलिगॅन्ड्रम या सूक्ष्मजीवाचा दीर्घकाळ अभ्यास केला. काटेकोर वर्गीकरणात पिथियम ही खरी बुरशी नव्हे, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तो भेद गौण आहे. गंमत अशी की, याच पिथियम कुळातल्या अनेक जाती रोपवाटिकेतील कोवळी रोपे कोलमडवतात. ऑलिगॅन्ड्रम मात्र रोपांना सोडून इतर बुरशींवर जगतो. काट्याने काटा काढण्याचे याहून चपखल उदाहरण सापडणे कठीण. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डीकन व त्यांच्या सहकाऱ्याने सूक्ष्मदर्शकाला व्हिडिओ कॅमेरा जोडून ही शिकार टिपली. ऑलिगॅन्ड्रमच्या तंतूचा स्पर्श होताच समोरच्या बुरशीच्या तंतूची वाढ खुंटे आणि बघता बघता त्यातील जीवद्रव्य गोठे वा फुटून बाहेर पडे. मात्र सगळ्याच बुरशी सारख्या बळी पडत नव्हत्या.

या चित्रणातून सर्वांत महत्त्वाची कळणारी गोष्ट म्हणजे, शिकारीसाठी प्रत्यक्ष गाठ पडावी लागते. ट्रायकोडर्मालाही हे बऱ्याच अंशी लागू आहे. तो रायझोक्टोनियाच्या तंतूंना विळखा घालतो, हे रिचर्ड वाइंडलिंग यांनी 1932 मध्येच नोंदवले होते. शिवाय तो अन्नासाठी व मुळांलगतच्या जागेसाठी रोगकारकाशी स्पर्धा करतो. परंतु फ्युजॅरियम एकदा मुळातून आत शिरून पाणी वाहणाऱ्या नलिकांत पसरला, की बाहेर मातीत ओतलेला ट्रायकोडर्मा त्याला गाठणार कसा? मान टाकलेल्या रोपाला तो वाचवत नाही, हा त्याचा दोष नाही. पहारेकऱ्याला चोरी झाल्यावर बोलावले, एवढेच.

म्हणून त्याची खरी वेळ लागवडीपूर्वीची. उन्हाळ्यात ओल्या वाफ्यांवर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरले, तर उष्णतेने रोगकारकांचे बळ घटते. त्यानंतर चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात वाढवलेला ट्रायकोडर्मा मातीत मिसळला, तर मोकळी झालेली जागा आधी तो बळकावतो. बियाणे आणि रोपांच्या मुळांवरही तो आधीच चढवता येतो. त्याच सुमारास बुरशीनाशकाची आळवणी केली, तर बहुधा हा पहारेकरीच पहिला मरतो.

पुडीतला माल जिवंत आहे का, हा प्रश्न वेगळाच. भारतातील मानकानुसार ट्रायकोडर्माच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान 20 लाख जिवंत एकके असावी लागतात. दुकानाच्या पत्र्याखाली वैशाखभर तापलेल्या पुडीवर तो आकडा छापलेला राहतो, आतले बीजाणू मात्र राहतीलच असे नाही. उत्पादनाची तारीख पाहणे आणि कृषी विद्यापीठाकडून ताजा माल घेणे हे त्यावरचे साधे उपाय. आणि मान टाकलेले रोप मुळाशेजारच्या मातीसकट उपटून हरितगृहाबाहेर नष्ट करावे लागते. तिथे कोणतीच पुडी कामी येत नाही.