अवयवांत मुक्काम करणारे रक्षक

रहिवासी पेशी : रक्तातून सतत न फिरता एकाच अवयवात राहणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी.

• मॅक्रोफेज (भक्षक पेशी) : यकृतात कुप्फर पेशी, मेंदूत मायक्रोग्लिया. मायक्रोग्लिया अस्थिमज्जेतून येत नाहीत. भ्रूणावस्थेतच पीतककोशातून मेंदूत पोचतात आणि तिथेच विभाजनाने टिकून राहतात.

• लँगरहॅन्स पेशी : त्वचेत. पॉल लँगरहॅन्सने १८६८ मध्ये वर्णन केले. तो तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी होता. त्याला त्या चेतापेशी वाटल्या!

• संवाद : मुख्यतः सायटोकाइन या प्रथिनांमार्फत. त्वचेत जंतू शिरले, की तिथल्याच मास्ट पेशी (याही रहिवासी) हिस्टामिन हे रसायन सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, झिरपू लागतात. मॅक्रोफेजच्या संदेशावर रक्तातल्या न्यूट्रोफिल या भक्षक पेशी धावून येतात. लँगरहॅन्स पेशी जंतूचे अंश लसिकाग्रंथीत नेऊन टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींना ‘दाखवतात’. संसर्ग ओसरल्यावर काही टी पेशी त्वचेतच राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन सोडून आसपासच्या पेशींना सावध करतात.

• आवर घालणाऱ्या : नियामक टी पेशी. आतड्यात अन्न आणि निरुपद्रवी जिवाणूंवर हल्ला होऊ नये, यासाठी त्या इंटरल्यूकिन-१० सारखे शामक संदेश सोडतात.

• आयुष्य : न्यूट्रोफिल काही तास ते काही दिवस, माणसातील मायक्रोग्लिया अनेक वर्षे.