जुन्या घराची डागडुजी आणि वाढ

तंजावरचा राजवाडा हिंडून पाहिला, तर तो एका हाताने किंवा एका काळी बांधलेला नाही, हे सहज ध्यानी येते. नायक राजांनी त्याचा आरंभ केला. १६७६ च्या सुमारास मराठ्यांचा अंमल सुरू झाल्यावर त्यांनीही त्यात भर घातली. जुन्या वास्तूस नवी जोडण्याचा हाच प्रश्न आज कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील जुन्या शेतघरांपुढेही उभा आहे.

असे घर आपणांस फारसे परके वाटणार नाही. रस्त्याच्या बाजूस ओटा, ज्यास तमिळ भाषेत तिण्णै म्हणतात. आत उघडा चौक. चौकाभोवती लाकडी खांबांवर पेललेले कौलारू छप्पर. आणि भात साठविण्याची कणगी. भिंती विटांच्या व चुन्यात बांधलेल्या. घरातील मंडळींस आता न्हाणीघर, वीज, नळाचे पाणी आणि एखाद-दोन खोल्या हव्या असतात, व ते रास्तच आहे. परंतु काम बहुधा निराळ्याच ठिकाणी बिघडते. भिंतीच्या तळाशी ओल दिसते म्हणून जुना गिलावा खरवडून तेथे सिमेंटचा जाड थर चढविला जातो. दोन-तीन पावसाळ्यांतच ओल त्या थराच्याही वर चढलेली आढळते. असे का व्हावे?

त्याचे उत्तर चुन्याच्या घडणीत आहे. १०० किलो शुद्ध चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली, की ४४ किलो कार्बन डायॉक्साइड वायू निघून जातो व ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले असता तो १८ किलो पाणी शोषून विरतो. हा विरलेला चुना वाळूत कालवून भिंतीस लावला, म्हणजे तो हवेतील कार्बन डायॉक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. दगडाने दगडाकडे परतावे, असाच हा प्रकार! दक्षिणेकडील जुने कारागीर या चुन्यात गूळ व हिरड्याचे पाणी मिसळीत.

अशा गिलाव्यात सूक्ष्म छिद्रे असतात. जमिनीतून विटांत चढलेले पाणी त्यांवाटे बाहेर पडून वाळते. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यातच साचतात व तोच झिजतो, वीट वाचते. सिमेंटचा दाट थर ही वाट अडवितो. मग ओल वाट शोधीत वर जाते, क्षार विटेच्या अंगात स्फटिकरूप घेतात आणि गिलावा सुटताना विटेची कातडीही सोबत नेतो. भिंतीत रोवलेल्या तुळईची टोके कुजतात ती निराळीच. सिमेंट वाईट आहे असे मुळीच नाही; नव्या खोलीत ते खुशाल वापरावे. मऊ जुन्या विटेशी मात्र त्याचे जमत नाही.

नवी खोली जोडतानाही अशीच एक चूक घडते. त्रिभुज प्रदेशातील चिकणमाती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. जुन्या पायाखालची माती वर्षानुवर्षांच्या भाराने दबून बसलेली असते. नव्या पायाखालची अद्याप बसावयाची असते. दोन्ही भिंती दात घालून एकजीव केल्या, तर नवी खचताना जुनीस ओढते व सांध्यावर तडा जातो. म्हणून पायापासून छपरापर्यंत बोटभर फट राखून नवे बांधकाम स्वतंत्र उभे करावे आणि फटीवर पाणी न शिरेल असे झाकण द्यावे. न्हाणीघर व स्वयंपाकाची मोरी या नव्या भागातच काढावी, म्हणजे नळांसाठी जुन्या भिंती फोडाव्या लागत नाहीत. चौकावर स्लॅब टाकण्याचा मोह होतो. पण उजेड आत येण्याची आणि तापलेली हवा वर निघून जाण्याची वाट तीच आहे.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम छपराचे व अंगणातील पाणी भिंतीपासून दूर वळवावे, सिमेंटचा थर काढावा आणि भिंतीस एक उन्हाळा वाळू द्यावे. त्यानंतर चुन्याचा गिलावा पातळ थरांनी द्यावा व काही दिवस तो सावलीत ओलसर राखावा, कारण पार कोरड्या चुन्यात वायू शोषला जात नाही. तंजावरकडे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. बाहेरील गिलावा त्यापूर्वी पुरते दोन महिने तरी आटोपलेला असावा.