पडलेली गाडी पुन्हा उभी करताना

वाङ्मय मंडळाच्या अंकात मोटारसायकलवर लेख कशाला, असं काही जणांना वाटेल. संपादकांनाही वाटलं होतं. पण 'तुमच्या घरात जे चाललंय ते लिहा' असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि आमच्या घरात गेले सात महिने हेच चाललंय. उद्यमबागेत वडिलांचं छोटं लेथ-शॉप आहे. त्याच्या मागच्या शेडमध्ये केटीएम आरसी ३९० ही गाडी उघडी पडली आहे. म्हणजे पडली होती. आता बऱ्यापैकी जोडून झाली आहे.

गाडी मी पडलेलीच घेतली. तमिळनाडूतल्या एका ट्रॅकवर एका मुलाच्या हातून ती घसरली होती आणि त्याला दुरुस्तीच्या भानगडीत पडायचं नव्हतं. नव्या गाडीच्या मानाने खूप स्वस्तात मिळाली. ती चालवणार मात्र मी नाही, माझा धाकटा भाऊ. त्याला ट्रॅकवर शिकायचंय. आईचं म्हणणं एकच होतं : "रस्त्यावर उनाडण्यापेक्षा ट्रॅक बरा म्हणतोस, ते कळलं. पण ती गाडी एकदा पडलेली आहे. ती सरळ आहे हे मला कोण सांगणार?" प्रश्न अगदी बरोबर होता. पुढचं सगळं काम म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शोधणं.

आधी पडण्याचे प्रकार बघू. वळणावर टायरची पकड सुटली आणि गाडी आतल्या बाजूला झोपून सरकत गेली, तर त्याला लो-साइड म्हणतात. यात हॅण्डलचं टोक, लिव्हर, पायाचा पेग, सायलेन्सर आणि इंजिनचं बाजूचं झाकण घासतं. दिसायला भयंकर, पण गाडीचा सांगाडा बहुतेक वेळा वाचतो. दुसरा प्रकार हाय-साइड. मागचं चाक घसरतं आणि अचानक पुन्हा पकड घेतं. गाडी चालवणाऱ्याला वर भिरकावते आणि स्वतःही आपटते. इथे मार घासण्याचा नसतो, आदळण्याचा असतो.

विकणाऱ्याने लो-साइड सांगितलं होतं. ते खरं की खोटं हे ओरखडे सांगतात. सरकलेल्या गाडीवरचे ओरखडे एका दिशेने, समांतर, लांब असतात. आमच्या गाडीच्या उजव्या बाजूला तसेच होते. पण डावा पेगही मोडलेला होता आणि डाव्या फेअरिंगला खडीचे खोल टोचे होते. म्हणजे गाडी आधी सरकली, मग कडेच्या खडीत जाऊन एकदा तरी उलटली. तो मुलगा खोटं बोलला असं मी म्हणत नाही. पडणारा माणूस स्वतः घरंगळत असतो, गाडीकडे बघायला त्याला वेळ कुठला?

खडीत गेलेल्या गाडीला लगेच स्टार्टर मारून बघण्याचा मोह आवरावा लागतो. एअर-बॉक्समध्ये वाळू गेलेली असेल तर ती थेट सिलिंडरमध्ये ओढली जाते आणि पिस्टन-सिलिंडर घासून टाकते. म्हणून आधी टाकी काढली, एअर-बॉक्स उघडला, थ्रॉटल बॉडीच्या तोंडात टॉर्च मारून बघितलं. फिल्टरच्या अलीकडे मूठभर वाळू निघाली, पलीकडे काही नव्हतं. आडवी पडल्यावरही इंजिन चालू राहिलं तर ऑइल पंपाला तेल मिळत नाही आणि बेअरिंग खराब होतात. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गाडी कलंडली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, पण त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. तेल काढलं, फिल्टर कापून त्याच्या कागदी घड्या पांढऱ्या फडक्यावर उलगडल्या. धातूची चमकी दिसली नाही. इंजिनचा विषय तिथे संपला. फक्त क्लचचं झाकण घासून पातळ झालं होतं, ते नवीन टाकलं.

आता खरा भाग. सरळपणा.

पुढचं चाक हॅण्डलच्या रेषेत दिसत नव्हतं. हे बघून पुष्कळ जण 'फोर्क वाकला' म्हणून मोकळे होतात. पण फोर्कच्या दोन नळ्या ज्या दोन आडव्या पट्ट्यांत धरलेल्या असतात, त्या पट्ट्यांत त्या नुसत्या पिळूही शकतात. धातू वाकलेला नसतो, बोल्टच्या पकडीत सरकलेला असतो. तपासायला सोपी युक्ती आहे. चाक काढायचं आणि जाड सपाट काचेचा तुकडा दोन्ही नळ्यांवर आडवा टेकवायचा. काच चारही कोपऱ्यांना बसली तर ठीक. डुगडुगली तर पीळ आहे. आमची डुगडुगली. सगळे बोल्ट सैल करून नळ्या पुन्हा बसवल्या तेव्हा पीळ गेला.

वाक मात्र वेगळा तपासावा लागतो. या गाडीचा फोर्क उलटा आहे, म्हणजे जाड नळी वर आणि चकचकीत बारीक नळी खाली. ती चकचकीत नळी पूर्ण बाहेर काढून व्ही आकाराच्या दोन ठोकळ्यांवर ठेवली, मध्ये डायल गेज टेकवला आणि हळूहळू फिरवली. लेथवाल्याच्या घरात जन्माला आल्याचा हा फायदा. डावी नळी जवळजवळ सरळ. उजवीवर काटा ०.६ मिमी फिरला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. काटा जेवढा फिरतो त्याच्या निम्मा प्रत्यक्ष वाक असतो, कारण फिरवताना तोच वाक एकदा वर येतो आणि एकदा खाली जातो. म्हणजे वाक ०.३ मिमी. डोळ्यांना कधीच दिसला नसता. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये काट्याची मर्यादा ०.२ मिमीच्या आसपास दिलेली असते.

प्रेसवर दाबून सरळ करून देतो असं एक जण म्हणाला, आणि त्याने केलंही असतं. गावात दूध घालायला जाणाऱ्या गाडीला मी कदाचित हो म्हटलं असतं. पण ब्रेक दाबल्यावर गाडीचा जवळजवळ सगळा भार या दोन नळ्यांवर येतो, आणि वाकून पुन्हा सरळ केलेलं पोलाद आतून पहिल्यासारखं राहत नाही. नवी नळी मागवली. ही गाडी पुण्याजवळ चाकणला बनते, त्यामुळे सुट्या भागांसाठी परदेशाकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

मग फ्रेम. या गाडीची फ्रेम पोलादी नळ्यांची जाळी आहे, पुलाच्या कैचीसारखी. सगळ्यात आधी हॅण्डल फिरतं तिथला, म्हणजे स्टिअरिंग हेडचा भाग बघायचा. रंगाला बारीक भेगा, सुरकुत्या, वेल्डिंगजवळ उडालेला पापुद्रा ही वाईट लक्षणं. आमच्या गाडीचा हॅण्डल अडवणारा छोटा स्टॉप चेपलेला होता. म्हणजे चाक खडीत एका बाजूला जोरात फिरून त्यावर आपटलं होतं. हे बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण तो धक्का पुढे फ्रेमलाच जातो.

तपासणीला आम्ही गवंड्याची दोरी घेतली. विनोद नाही, ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. गाडी स्टॅण्डवर सरळ उभी करायची. दोरी मागच्या टायरला मागून वळसा घालून दोन्ही बाजूंनी पुढे न्यायची आणि त्या टायरच्या पुढच्या-मागच्या दोन्ही कडांना हलकी टेकेल अशी ताणायची. मागचा टायर १५० मिमी रुंद, पुढचा ११०. फरक ४०. गाडी सरळ असेल तर पुढच्या टायरच्या प्रत्येक बाजूला दोरीपर्यंत २० मिमी जागा उरली पाहिजे. आम्हाला पहिल्यांदा एका बाजूला १७ आणि दुसऱ्या बाजूला २३ मिळाले. भावाचा चेहरा पडला. पण दोरीचा सगळा हिशेब मागचं चाक सरळ असण्यावर उभा आहे. स्विंगआर्मवरच्या खुणांवर विश्वास न ठेवता स्विंगआर्मच्या पिव्होटपासून अॅक्सलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं तर एका बाजूला किंचित जास्त निघालं. चेन ताणताना कुणीतरी चाक तिरकं बसवलं होतं. ते सारखं करून पुन्हा दोरी लावली. २०, २०.

पण दोरीला सगळं कळत नाही. चाकं एका रेषेत आहेत की नाहीत एवढंच ती सांगते. फ्रेम पिळली असेल तर एक चाक दुसऱ्याच्या मानाने कलतं, ते बघायला दोन्ही ब्रेक डिस्कवर चुंबकाचा कोनमापक लावून कोन ताडून बघितला. समोरून मार बसला तर स्टिअरिंग हेड मागे सरकतं आणि दोन चाकांतलं अंतर कमी होतं. कंपनीचा आकडा १३४० मिमी आहे. चेनच्या समायोजनाने तो थोडा हलतो, पण पाच-दहा मिमीची तूट असती तर मी फ्रेम जिगवर मोजून घेतल्याशिवाय पुढे गेलो नसतो. तूट नव्हती.

शेवटी भेगा. इथे आमच्या बेळगावचा उपयोग झाला. आपल्याकडे फाऊंड्र्या आहेत, आणि ओतीव भागांना बारीक चीर आहे का ते बघायला लाल रंगाचं द्रव वापरतात. भाग स्वच्छ करून ते फवारायचं, थोडा वेळ ठेवायचं, वरचं पुसून टाकायचं आणि त्यावर पांढरी पावडर फवारायची. चिरेत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर वर येतो. कोऱ्या कागदावर लाल पेनाने बारीक रेघ ओढावी तसा. वडिलांच्या ओळखीच्या एका काकांनी हे करून दिलं. फ्रेमचे सांधे कोरे निघाले. उजव्या पेगच्या ओतीव ब्रॅकेटवर मात्र केसाएवढी रेघ उमटली. तो भाग आम्ही शाबूत समजून वापरायच्या ढिगात ठेवला होता! त्या दिवशी आई स्वतः शॉपवर आली होती. ती रेघ तिने पाहिली, काही बोलली नाही, पण त्यानंतर तिने गाडी विकून टाक म्हणायचं सोडलं.

बदल करण्याचा विषय मुद्दाम उशिरा घेतोय. लोक उलट करतात. आधी रंग, स्टिकर, मोठा आवाज करणारा सायलेन्सर, आणि वाकलेला फोर्क तसाच. माझं मत असं, की आधी गाडी कंपनीतून आली तशी करावी, चालवून बघावी आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी वळणात डोलायला लागली, तर दोष कुणाचा शोधणार?

ट्रॅकच्या गाडीतले काही बदल वेगासाठी नसतातच, ते मागून येणाऱ्या माणसासाठी असतात. बेली-पॅन हेच घ्या. फेअरिंगचा खालचा भाग बंद परातीसारखा करतात. इंजिन फुटलं तर तेल ट्रॅकवर न सांडता त्यात साठावं म्हणून. स्पर्धेच्या नियमांत इंजिनमधल्या एकूण तेल-पाण्याच्या निम्मं तरी त्यात मावलं पाहिजे असं असतं. आमचा बेली-पॅन गणपतीच्या देखाव्यांचं फायबर काम करणाऱ्या कारागिराने बनवला. हत्तीची सोंड बनवणाऱ्याला परात काय अवघड! रेडिएटरमधलं हिरवं कूलंट काढून साधं पाणी भरलं, कारण कूलंट सांडलं की डांबर साबणासारखं होतं. तेलाचा ड्रेन बोल्ट, फिल्टरचं झाकण आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट यांना बारीक भोकं पाडून स्टीलच्या तारेने बांधलं. तार अशा बाजूने ओढायची, की बोल्ट सैल व्हायला लागला तर ती ताणली जाऊन त्याला धरेल. पहिली तार मी बांधली, पुढच्या सगळ्या भावाने. ब्रेक लिव्हरला गार्ड लावला. शेजारच्या गाडीचं हॅण्डल लिव्हरला लागलं तर पुढचं चाक जागच्या जागी जाम होतं. आरसे, दिवे, साइड-स्टॅण्ड काढून टाकले.

हे काढल्यावर गाडी रस्त्यावर न्यायची नाही, हे ओघानेच आलं. नोंदणीत आहे त्यापेक्षा वेगळी गाडी करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. विम्याच्या पॉलिसीतही शर्यत आणि वेगचाचणीत झालेलं नुकसान वगळलेलं असतं. तेव्हा आमची गाडी पिकअपमधून जाईल, पिकअपमधून येईल.

वेगासाठी दोनच गोष्टी केल्या. मागचं स्प्रॉकेट ४५ दातांचं होतं, ते ४७ केलं. पुढचं १५चं तसंच ठेवलं. त्यामुळे वरचा वेग थोडा जातो, पण वळणातून बाहेर पडताना गाडी लवकर उचलते. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे, तिथे हे चालतं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, तिथे कदाचित ४५ परत टाकावं लागेल. दुसरं म्हणजे स्प्रिंग. भाऊ चोपन्न किलोचा. त्याला पूर्ण पोशाखात गाडीवर बसवून फोर्क किती दबतो ते मोजलं. १२५ मिमी प्रवासातला साधारण ३०-३५ मिमी दबायला हवा. त्याच्या वजनाने तेवढा दबत नव्हता, म्हणून मऊ स्प्रिंग टाकल्या. या आकड्याने गाडी जेवढी बदलली तेवढी महागड्या सायलेन्सरने बदलली नसती. सायलेन्सर अजून जुनाच आहे, ओरखड्यांसकट.

पहिला ट्रॅक-डे पुढच्या महिन्यात आहे. पाच फेऱ्या सावकाश मारायच्या, मग गाडी आत घ्यायची, टॉर्क पान्याने बोल्ट तपासायचे, तारा बघायच्या, फोर्कच्या सीलखाली तेल आलंय का ते बोटाने पुसून बघायचं. ही यादी भावाने वहीत लिहून घेतली आहे. आईने ती वाचली आणि शेवटी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली : हेल्मेट नवीन घेणे, गाडीबरोबर आलेलं वापरायचं नाही.