आपला बिघाड आपणच सांगणारं यंत्र

आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्यावर ‘०४२० २०१’ एवढेच आकडे आले, तर नवख्याला काहीच उमगणार नाही. जाणकाराला मात्र त्यात पूर्ण पत्ता सापडतो. २०१ म्हणजे मेमरीत दोष. त्याआधीच्या चार आकड्यांतले पहिले दोन सांगतात दोष कोणत्या रांगेत आहे, पुढचे दोन सांगतात त्या रांगेतल्या कोणत्या आयसीत, म्हणजे चिपमध्ये. ०४ ही मदरबोर्डवरची दुसरी रांग आणि २० म्हणजे, शून्यापासून मोजत गेल्यास, पाचवा बिट. प्रत्येक रांगेत नऊ आयसी: आठ बिटांचे आठ आणि पडताळणीसाठी ठेवलेला पॅरिटीचा नववा. पहिली रांग बोर्डवर डाखलेली, बाकीच्या तीन सॉकेटमध्ये बसवलेल्या. मागचे स्क्रू सोडवायचे, झाकण पुढे सरकवायचं, तो एक आयसी उपसून दुसरा बसवायचा. काम झालं.

आपल्या दुखण्याची जागा इतक्या नेमकेपणाने सांगणारं घरगुती यंत्र त्याआधी क्वचितच कुणी पाहिलं असेल. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या या ‘५१५०’ मॉडेलचं कौतुक एरवी त्याच्या खपासाठी किंवा त्याने मायक्रोसॉफ्टला दिलेल्या उभारीसाठी होतं. मला त्याचं मोठेपण दुरुस्तीच्या टेबलावर दिसतं. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या गटाने ते बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून उभं केलं: इंटेलचा ४.७७ मेगाहर्ट्‌झचा ८०८८ प्रोसेसर, साधे मेमरी आयसी, पाच स्लॉट. आणि मग कंपनीने ‘टेक्निकल रेफरन्स’ नावाचा ग्रंथ विकायला काढला. त्यात मदरबोर्डचे आणि कार्डांचे सर्किट डायग्राम होते, शिवाय बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सूचनांचा, संपूर्ण प्रोग्रॅम ओळीन्‌ओळ, टिपणांसकट छापलेला होता. यंत्र सुरू होताच स्वतःची तपासणी कोणत्या क्रमाने करतं, कुठे अडलं तर काय करतं, हे पैसे मोजून कुणालाही वाचता येत होतं. संगणक दुरुस्तीची विद्या कंपनीच्या कारखान्यातून गल्लीतल्या दुकानात आली ती या पुस्तकामुळे, असं माझं ठाम मत आहे.

त्या तपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात, म्हणजे पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट. आधी प्रोसेसर स्वतःला तपासतो, मग बायोसच्या रॉमची (न पुसल्या जाणाऱ्या मेमरीची) बेरीज जुळवून पाहतो, मग टायमर, मग मेमरीचा पहिला तुकडा, मग पडद्याचं कार्ड, कीबोर्ड आणि शेवटी फ्लॉपी. सगळं ठीक असेल तर एक छोटा बीप. एक लांब आणि दोन छोटे असतील तर पडद्याच्या कार्डात खोट. ३०१ आलं तर कीबोर्ड आणि त्याच्या आधी ३९ असेल तर स्पेसबार दबलेला. बहुतेक वेळा कुणीतरी कीबोर्डवर फाइल ठेवलेली असते! ६०१ म्हणजे फ्लॉपी, १७०१ म्हणजे हार्ड डिस्क.

तपासणीचा हा क्रम ज्याच्या अंगवळणी पडला त्याला गप्प बसलेल्या यंत्राकडूनही माहिती काढता येते. पंखा फिरत नाही? मग वीज, नाहीतर कुठेतरी शॉर्ट. पंखा फिरतो पण बीप नाही? मग मदरबोर्ड किंवा सुरुवातीची मेमरी. बीप आला, पडदा काळाच? मग मॉनिटर किंवा त्याची केबल. फ्लॉपीचा दिवा लागतो आणि विझतच नाही? केबल उलटी लावली आहे. फ्लॉपी नसताना पडद्यावर बेसिक भाषा येऊन उभी राहिली, तर आनंदच, कारण ती रॉममध्ये असते आणि ती आली याचा अर्थ अर्ध्याहून अधिक यंत्र धडधाकट आहे. आता फक्त डिस्कच्या बाजूला शोधायचं. प्रत्येक पायरीवर संशयितांची संख्या कमी करत जायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढा एकच नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झालं, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

पुष्कळदा दोष असायचा तो भागात नव्हे, तर दोन भागांच्या सांध्यात. यंत्र तापतं, थंड होतं, धातू फुगतो, आकसतो आणि सॉकेटमधला आयसी केसाएवढा वर सरकतो. महिनोन्‌महिने हे चाललं की एखादा पाय टेकायचा बंद होतो. म्हणून अनुभवी माणूस झाकण उघडल्यावर मीटर काढण्याआधी प्रत्येक आयसी अंगठ्याने दाबून पाही. करकर आवाज झाला की समजायचं, हा वर आला होता. ॲपलचा १९८० सालचा ‘ॲपल-थ्री’ या दुखण्याचा सर्वांत प्रसिद्ध रोगी. त्याला पंखा नव्हता, आत दाटी होती आणि आयसी जागा सोडत. तेव्हा खुद्द कंपनीकडून आलेला उपाय असा, की यंत्र टेबलापासून दोन-तीन इंच उचलावं आणि सोडून द्यावं. ऐकायला अडाणीपणा वाटतो. पण बसणाऱ्या धक्क्याने आयसी परत खाली जात, म्हणजे कारण बरोबर ओळखलेलं होतं. कार्डांच्या सोनेरी पट्ट्यांचंही तसंच. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांवर मळी चढे, आणि शाळेतलं खोडरबर घासलं की मेलेलं कार्ड जिवंत होई. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत आजही खोडरबर स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारीच सापडेल.

आपल्याकडे खरा त्रास विजेचा होता. नवीन जागी यंत्र लावण्याआधी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजायचा; तो दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर आधी वायरमनला बोलवायचं. सीव्हीटी नावाचा, व्होल्टेज स्थिर ठेवणारा जड, गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर टेबलाखाली असायचा. परदेशातून आलेल्या यंत्राच्या मागचा लाल स्विच ११५ वर राहिला आणि आपली २३० ची वीज आली, तर एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, त्याच क्षणी जाई. आत मदरबोर्डला वीज पुरवणारे पी-८ आणि पी-९ हे दोन जोड शेजारीशेजारी, एकसारखे. त्यांची अदलाबदल झाली तर बोर्ड जळू शकतो. त्यासाठीचा नियम शिकाऊ मुलाला पहिल्याच दिवशी पाठ करून घेत: काळ्याला काळी. दोन्ही जोडांच्या काळ्या तारा मधोमध एकत्र आल्या पाहिजेत.

मार्च १९८३ च्या ‘एक्सटी’सोबत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि बिघाडाला नवं वजन आलं, कारण आता आत माणसाचं वर्षाचं काम होतं. त्या काळच्या डिस्क कारखान्यातूनच काही खराब ट्रॅक घेऊन येत. त्यांची यादी डिस्कच्या पाठीवर चिकटवलेली असे. नव्याने फॉरमॅट करताना ती यादी हाताने भरावी लागे. डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘डीबग’मध्ये जाऊन ‘जी=सी८००:५’ एवढं टंकलं की डिस्कच्या कंट्रोलरमधलाच फॉरमॅटचा प्रोग्रॅम सुरू होई; हे अक्षर-आकडे कितीजणांच्या बोटांत आजही असतील. काही डिस्कांची वाचणारी टोकं थांबल्यावर तबकडीला चिकटून बसत आणि मोटर फिरेना. मग डिस्क हातात धरून हलकासा झटका द्यायचा, फिरली की तत्काळ सगळं फ्लॉपींवर उतरवून घ्यायचं आणि पुन्हा तिच्यावर विश्वास टाकायचा नाही.

मला सर्वांत आवडतो तो मात्र असा दोष, ज्यात एकही भाग बिघडलेला नसतो. १९८४ च्या ‘एटी’त १.२ मेगाबाइटचा फ्लॉपी ड्राइव्ह आला. त्याला जुनी ३६० केबीची फ्लॉपी वाचता येई आणि तिच्यावर लिहिताही येई. पण तीच फ्लॉपी परत जुन्या यंत्रात नेली की वाचताना चुका. दोन्ही ड्राइव्ह उत्तम, फ्लॉपीही निर्दोष. कारण असं, की जुना ड्राइव्ह ४० ट्रॅक लिही, नवा ८०, म्हणजे नव्याचा ट्रॅक जवळजवळ अर्ध्या रुंदीचा. रुंद पट्टा पुसताना फक्त मधला भाग नव्याने रंगवावा आणि कडेला जुना रंग तसाच राहावा, तसं होई. जुना ड्राइव्ह दोन्ही रंग एकदम वाचे आणि गोंधळे. ते समजलेला माणूस शाळा-कार्यालयांतल्या फ्लॉपीची ने-आण एकाच दिशेने ठेवी.

इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधणाऱ्या तारांची, भांडणंही अशीच. माऊस कॉम-१ वर, मोडेम कॉम-३ वर. वेगळे वाटतात, पण दोघांची इंटरप्टची तार एकच, चार नंबरची. मोडेम नंबर फिरवू लागला की माऊस गोठायचा. कार्डावरचा टाचणीएवढा जंपर हलवून मोडेम दुसऱ्या तारेवर नेला की भांडण मिटे. यात ज्ञान लागे ते सगळं कागदावरचं: कोणतं कार्ड कोणत्या तारेवर आहे, याची यादी. व्यवस्थित माणसं ती यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवत.

सॉफ्टवेअरचे दोषही याच पद्धतीने सापडत. ‘कॉन्फिग.सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या दोन फायलींतल्या ओळींनी ६४० केबीची मेमरी भरून जाई आणि मोठा प्रोग्रॅम सुरूच होत नसे. अर्ध्या ओळी बंद करायच्या, यंत्र पुन्हा सुरू करायचं. दोष गेला तर तो बंद केलेल्या अर्ध्यात, नाही तर उरलेल्यात. सोळा ओळी असल्या तरी चार वेळात गुन्हेगार हाती. पुसलेली फाइल परत आणण्यामागेही असंच वाचन होतं. डॉस फाइल पुसतं म्हणजे तिच्या नावाचं पहिलं अक्षर ‘ई५’ या चिन्हाने बदलतं आणि तिने व्यापलेली जागा मोकळी म्हणून नोंदवतं. मजकूर जागच्या जागी असतो. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये याच गोष्टीचा फायदा घेत ‘अनइरेझ’ लिहिलं. गेलेली फाइल परत पाहून माणसं रडल्याचं त्या काळातले लोक सांगतात, आणि त्यात काही नवल नाही.

या सगळ्या विद्येचा पाया म्हणजे यंत्र जे सांगतं ते खरं सांगतं. १९८६ मध्ये लाहोरहून आलेल्या ‘ब्रेन’ व्हायरसने तो पाया हलवला. बासित आणि अमजद फारूक अलवी या भावांचा हा प्रोग्रॅम फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसे आणि कुणी तो सेक्टर वाचू लागलं तर आपल्या जागी मूळचा, निर्दोष सेक्टर पुढे करी. आता तपासणी खात्रीच्या, लिहिण्याची खाच बंद केलेल्या स्वच्छ फ्लॉपीने सुरू करावी लागली. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करणारे कैलाश काटकर यांच्यापुढे अशीच व्हायरस लागलेली यंत्रं येत. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ती साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले आणि १९९३ मध्ये सुरू झालेल्या कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेसचं पुढे ‘क्विक हील’ झालं. दुरुस्तीच्या टेबलावरून निघालेली ही कंपनी आहे, हे मुद्दाम सांगायला हवं.

‘५१५०’ जपणारे हौशी लोक आज जगभर आहेत आणि त्यांच्यापुढचा नेहमीचा बिघाड वेगळाच आहे. मदरबोर्डवर १२ व्होल्टच्या तारेवर टँटलमचे छोटे थेंबासारखे कपॅसिटर आहेत, १६ व्होल्टपर्यंतच्या ताकदीचे. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर त्यांतला एखादा शॉर्ट होतो. स्विच टाकला की पॉवर सप्लाय धोका ओळखून स्वतःला बंद करून घेतो आणि यंत्र पूर्ण मेलेलं वाटतं. अशा वेळी सप्लाय बदलायची घाई न करता पी-८, पी-९ काढून १२ व्होल्ट आणि जमीन यांच्यातला रोध मोजतात. तो जवळजवळ शून्य असेल तर सर्किट डायग्राम उघडून त्या तारेवरचे कपॅसिटर एकेक सोडवायचे, दोषी सापडला की त्या जागी २५ व्होल्टचा डाखायचा. बोर्ड निर्दोष निघाला, तर सगळी कार्डं काढून एकेक परत बसवत तीच तपासणी, कारण तसलेच कपॅसिटर फ्लॉपीच्या ड्राइव्हमध्येही आहेत आणि पडद्याच्या कार्डावरही.