कोनाड्यातल्या ट्यूबा

गेल्या आठवड्यात राहात्याजवळच्या एका गोठ्यातल्या एचएफ गाईच्या दुधाचा कल्चर रिपोर्ट हातात आला. जेंटामायसिन, एन्रोफ्लोक्सासिन, सेफ्ट्रायाक्सोन, सगळ्यांपुढे 'आर'. म्हणजे जंतूंनी औषध पचवलेलं. हीच औषधं डिकीत घालून मी या तालुक्यात वर्षानुवर्षं हिंडलो, म्हणून तो कागद जास्तच बोचला.

पेनिसिलिनच्या काळाचं पुराण नको. माझं दशक 2000 ते 2010. संकरित गाई वाढल्या, दूध वाढलं, तशी दगडीही, म्हणजे कासदाह. कास टणक, धारेत गुठळ्या. सडात एक ट्यूब सोडली आणि सूज उतरली, की मालक उरलेल्या ट्यूबा कोनाड्यात ठेवायचा, पुढच्या गाईला. मेडिकलवाला चिठ्ठी न बघता सेफ्ट्रायाक्सोन द्यायचा. आणि मी? पहिल्याच दिवशी सगळ्यात भारी इंजेक्शन टोचायचो, नाहीतर दुसऱ्या दिवशी गोठ्यात दुसरा डॉक्टर दिसायचा. 'तीन दिवस दूध घालू नका' असं बजावायचो, आणि संध्याकाळी तोच कॅन डेअरीच्या रांगेत बघायचो. 2018 च्या देशव्यापी दूध तपासणीत 6,432 पैकी 77 नमुन्यांत अँटिबायोटिक मर्यादेबाहेर निघालं, तेव्हा लोक म्हणाले, एवढंच? 2019 मध्ये दूध-मांसासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली.

आणि दुसरा एक मार्ग समोरच होता. डेअरीच्या लॅबमध्ये माझ्या त्या दशकात मिथिलीन ब्लूची बाटली असायची. दुधातला निळा रंग जितक्या लवकर उडेल, तितके जंतू जास्त. त्याच रंगावर लाल उजेड पाडला की तो ऑक्सिजनला चेतवतो आणि जंतू जळतात, हे मला फार उशिरा कळलं. रंग आणि उजेड मिळून सूक्ष्मजीव मारतात, हे म्युनिकच्या ऑस्कार राबनं 1900 सालीच प्रसिद्ध केलं होतं. पुढे अँटिबायोटिक आली आणि उजेड मागे पडला. आता असे रंग नॅनोकणांत भरतात. टायटॅनियम डायऑक्साइडचे कण तर स्वतःच अतिनील उजेडात हे काम करतात. घाव एका जागी न बसता चौफेर बसतो, म्हणून जंतूंना सरावणं अवघड. ब्राझीलमध्ये छुप्या दगडीच्या गाईंवर रंग-उजेडाचा प्रयोगही झाला. अडचण एकच, पण मोठी: उजेड मांसात काही मिलिमीटरच शिरतो. दगड झालेल्या कासेत तो पोचवायचा कसा?

हे सगळं राहात्याजवळच्या त्या गोठ्याच्या मालकाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"डॉक्टर, मग ते दिव्याचं औषध मेडिकलवर कधी येतंय?"

त्याच्या मागच्या कोनाड्यात तीन ट्यूबा होत्या. एकीला टोपण नव्हतं.