तज्ज्ञ पडद्यावर दिसतात, पण आवाज तुटतो – काय करावे?

आता सल्ल्यासाठी दर वेळी तालुक्याला जावे लागत नाही. कापसाचे किडके बोंड मोबाईलसमोर धरले की कृषि विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ ते बसल्या जागी पाहतात. पण नेमक्या वेळी चित्र थिजते, आवाज तुटतो. ‘दहा लिटर पाण्याला चार मिली’ हे ‘चाळीस’ असे ऐकू आले, तर पीकही होरपळेल आणि पैसाही जाईल. म्हणून पुढील गोष्टी क्रमाने तपासा.

१. दोष कोणाकडे? सगळ्यांचाच आवाज तुटत असेल, तर दोष बहुधा आपल्याकडे. एकाचाच तुटत असेल, तर त्याच्याकडे. अशा वेळी आपला फोन उगाच बंद-चालू करत बसू नका.

२. रेंज. आतल्या खोलीत, पत्र्याखाली रेंज कमी मिळते. ओट्यावर किंवा गच्चीवर या. फोन १० सेकंद विमान मोडवर ठेवून पूर्ववत करा. तो टॉवरशी नव्याने जोडला जातो. रेंजच्या दांड्या भरलेल्या असूनही अडकत असेल, तर टॉवरवर गर्दी असू शकते. मग चर्चेला दुसरी वेळ मागून घ्या.

३. चित्र बंद करा. झूमवर दोघांच्या चांगल्या चित्रासाठी सुमारे ६०० किलोबिट प्रति सेकंद वेग लागतो. नुसत्या आवाजाला ६० ते ८० पुरतो. म्हणून कीड दाखवून झाली की कॅमेरा बंद करा आणि औषधाचे प्रमाण आवाजावरच ऐका. त्याच इंटरनेटवर मुले सिनेमा पाहत असतील, तर तो तेवढा वेळ थांबवा.

४. आपले बोलणे त्यांना जात नाही? पडद्यावरच्या माइकच्या चित्रावर तिरकी रेघ असेल, तर ते दाबा. तरीही जात नसेल, तर सेटिंगमध्ये त्या ॲपला मायक्रोफोनची परवानगी द्या. फोनच्या खालच्या कडेच्या बारीक छिद्रात माती बसते. मऊ ब्रशने झाडा. सुई मात्र घालू नका.

५. आपल्याला ऐकू येत नाही? आवाज वाढवा. मग ब्लूटूथ बंद करून पाहा. पुष्कळदा आवाज खिशातल्या इअरफोनकडे जात असतो!

६. आवाज घुमतो? एकाच खोलीत दोन फोन त्याच चर्चेला जोडले असतील, तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. चर्चेला एकच फोन ठेवा. तारेचा इअरफोन लावला तर घुमणे थांबते.

७. खरखर येते? मोटार, ट्रॅक्टर यांपासून दूर जा आणि वाऱ्याकडे पाठ करून बोला. आपली पाळी नसेल तेव्हा माइक बंद ठेवा.

एवढे करूनही जमले नाही, तर साधा फोन लावा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत चालू असतो. त्याला इंटरनेट लागत नाही.

शेवटी एक महत्त्वाचे. औषधाचे नाव आणि प्रमाण तज्ज्ञांना पुन्हा म्हणून दाखवा, ते लेखी संदेशाने मागून घ्या आणि डब्यावरच्या लेबलशी ताडून पाहा. तिन्ही जुळल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका. फवारणी एक दिवस लांबली तर चालेल. चुकीची झाली तर ती परत घेता येत नाही.

हे पत्रक फोन चार्जिंगला लावता तिथे, खिळ्याला अडकवून ठेवा.