प्रशिया कोव्ह
प्रशिया कोव्ह : इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील, माउंट्स उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील लहान खडकाळ आखातांचा समूह. तो कडन भूशिराच्या पूर्वेस असून बेसीज, किंग्ज व पिस्कीज ही त्यातील काही आखाते होत. बेसीज आखात कड्यांच्या इतके कुशीत आहे, की काठावर येऊन वाकून पाहिल्याशिवाय खालच्या होड्या दिसत नाहीत. या आडोशामुळे अठराव्या शतकात येथे चोरटा व्यापार भरभराटीस आला. त्या काळी ब्रिटनमध्ये चहा व मद्य यांवर जबर कर असल्याने करचुकव्या मालाला मोठी मागणी असे. जॉन कार्टर हा येथील प्रमुख तस्कर. ‘प्रशियाचा राजा’ या त्याच्या टोपणनावावरून या स्थळाचे नाव रूढ झाले. जप्त झालेला आपला माल त्याने पेन्झान्सच्या जकात कोठारातून रात्री परत नेला. परंतु इतरांच्या मालास हात लावला नाही, अशी आख्यायिका आहे. त्याचा भाऊ हॅरी याचे आत्मचरित्र १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. चोरट्या व्यापाराचे मूळ करांत होते, हे १७८४ च्या कायद्यावरून स्पष्ट होते. या कायद्याने चहावरील कर ११९ टक्क्यांवरून १२·५ टक्क्यांवर आला आणि चोरट्या चहातील नफा जवळजवळ संपुष्टात आला. सांप्रत किनाऱ्यालगतच्या पायवाटेने पर्यटक येथे येतात. बेसीज आखातात खडकांवर गाड्यांच्या जुन्या चाकोऱ्या आढळतात.